एनबीएत नियम बदलून बचाव मारून टाकलाय, की आजच्या खेळाडूंना बचावच येत नाही?

प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरा अर्धा वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो. ‘आजकालच्या पोरांना बचावच येत नाही’ हे मी अनेक वर्षं ऐकत आलोय. एनबीएबद्दल (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) नव्हे, कबड्डीबद्दल, आणि तेही घरच्याच माणसाकडून. त्यामुळे उत्तर जरा आडवळणाने जाईल. ज्यांना फक्त बास्केटबॉल हवंय त्यांनी मधला भाग खुशाल गाळावा.

मी गुहागर तालुक्यातला. गावच्या मंडळाकडून कबड्डीत डावा कॉर्नर, म्हणजे डाव्या टोकाचा बचावपटू, खेळायचो आणि पोटासाठी बोटीवर गेलो. बास्केटबॉलचं वेड तिथे लागलं. बोटीवरचे निम्मे खलाशी फिलिपिनो, आणि ही माणसं एक वेळ जेवण सोडतील पण बास्केटबॉल सोडणार नाहीत. होल्ड (बोटीच्या पोटातली माल भरायची जागा) रिकामा मिळाला की लोखंडी रिंग वेल्ड करून टाकायची, बोट डुलत असली तरी फ्री थ्रो (फाऊल झाल्यावर मिळते ती मोकळी फेक) मारत बसायचे. त्यांच्याशी भांडता भांडता मी एनबीए शिकलो. समोरचा कोबी ब्रायंटचा चाहता असेल तर रात्रपाळी कशी सरते कळत नाही.

माझं मत आधीच सांगतो. बचाव कोणाला किती येतो हे निम्मंअधिक शिट्टी ठरवते. नियम बदलला म्हणून बचाव मरत नाही, तो शिकून घेतो. शहाणे नियम जोडीने येतात, एक आक्रमणाला बांधतो, एक बचावाला. जोडीतला एकच वाजवला तर एकच वल्हं मारलेल्या होडीसारखा खेळ जागच्या जागी गोल फिरतो. आणि कोणाला न सांगता शिट्टी बदलली तर मात्र बचावपटूच्या हातात काही उरत नाही.

उदाहरण सगळ्यांना ठाऊक असलेलं घेऊ. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. अठ्ठेचाळीस मिनिटांत दोघांचे मिळून ३७ गुण! लेकर्सकडे त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू जॉर्ज मायकन होता. त्याच्यापर्यंत चेंडू पोचूच नये म्हणून फोर्ट वेनवाले चेंडू हातात धरून उभे राहिले. नियमात बसत होतं. मग १९५४ मध्ये सिरॅक्यूज संघाचा मालक डॅनी बायासोन याच्या आग्रहावरून २४ सेकंदांचं घड्याळ आलं. हिशेब किराणा दुकानातला होता. सामन्याचे सेकंद २८८०, रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून बास्केटवर प्रयत्न साधारण १२०, भागा, २४ आले. संघाची सरासरी ७९.५ गुणांवरून एका हंगामात ९३.१ वर गेली.

एवढं सगळे सांगतात. त्याच वर्षी आलेला दुसरा नियम कोणी सांगत नाही. एका क्वार्टरमध्ये संघाने किती फाऊल करायचे यावर तेव्हाच मर्यादा आली. ती नसती तर बचाव करणाऱ्यांनी घड्याळ चालू असताना सरळ माणूसच धरून ठेवला असता. घड्याळाने आक्रमणाला बांधलं, फाऊलच्या मर्यादेने बचावाला. दोन्ही मिळून खेळ झाला.

आता कबड्डी. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि आमच्याकडच्या लाल मातीत टीव्हीवरचे नियम हळूहळू उतरले. त्यातले दोन इथे महत्त्वाचे. एक, थर्ड रेड: सलग दोन रेड (चढाया) रिकाम्या गेल्या की तिसऱ्या रेडला गुण आणायचाच, नाही आणला तर रेडर बाद. दोन, सुपर टॅकल: मैदानात तीन किंवा त्याहून कमी माणसं असताना पकड केली तर एकाऐवजी दोन गुण. ही जोडी आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. थर्ड रेड रेडरला पुढे ढकलते. पण तेवढीच ठेवली तर उरलेली तीन माणसं मागच्या रेषेला चिकटून तीस सेकंद उभी राहतील आणि फुकटचा गुण घेतील. सुपर टॅकलचा दुसरा गुण त्या तिघांना पुढे यायला लावतो. म्हणून टक्कर होते, म्हणून लोक बघतात.

आता माझी जखम. शेजारच्या तालुक्यातली स्पर्धा, शिमग्यानंतरचे दिवस, हॅलोजनखाली माती पाणी मारून दाबलेली, मुंबईहून आलेले चाकरमानी पहिल्या रांगेत खुर्च्या टाकून. सुरुवातीलाच माईकवरून जाहीर केलं होतं, स्पर्धा प्रो कबड्डीच्या नियमाने. आधीच्या फेऱ्यांत दोनदा सुपर टॅकलचे दोन गुण दिलेले मी या डोळ्यांनी पाहिले. एकदा तर आमच्याविरुद्ध दिले. आम्ही गप बसलो, नियम तो नियम.

फायनलला पंच बदलला. शेवटच्या मिनिटात आम्ही २६, ते २७. आमचे तीन राहिलेले, मी डाव्या कॉर्नरला. समोर त्यांचा हुकमी रेडर, आणि त्यांच्या आधीच्या दोन रेड रिकाम्या गेलेल्या. म्हणजे थर्ड रेड. तिघांत बोनसचा (कोणाला न शिवता मागची बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या गुणाचा) प्रश्नच नाही, बोनसला सहा माणसं लागतात. त्याला स्पर्श करावाच लागणार होता.

त्या तीस सेकंदांत आम्ही काय करायला हवं होतं याचा हिशेब करा. नुसते मागे सरकून राहिलो असतो, तर वेळ संपली की तो आपसूक बाद, आम्हाला एक गुण, बरोबरी. धोका शून्य. पण पकड केली तर सुपर टॅकल, दोन गुण, २८-२७, आणि ढाल आमची. आमच्या कप्तानाने नुसती मान हलवली. मी समजलो. रेडरने उजवीकडे हूल दिली, डाव्या पायाने माझ्या दिशेने लांब टांग टाकली, आणि मी घोटा धरला. तो ओढायला लागला, कव्हरचा पोरगा कमरेवर येऊन पडला, धुळीत तिघंही. मध्यरेषा त्याच्या बोटांपासून वीतभर लांब राहिली. माझा खांदा त्या रात्री जो दुखावला तो अजून पावसाळ्यात बोलतो.

पंचाने एक बोट वर केलं.

एक! आमचा कप्तान टेबलाकडे धावला. पंच म्हणाला, सुपर टॅकल आमच्या नियमावलीत नाही. मग थर्ड रेड कुठून आली? ती म्हणे आयोजकांनी ठेवली आहे. आयोजक म्हणाले, आम्ही सगळेच नियम ठेवले होते, पण मैदानावर पंचाचा शब्द शेवटचा. माईकवाला तोपर्यंत ‘खिलाडूवृत्ती, खिलाडूवृत्ती’ करत होता. बरोबरी धरली, पाच-पाच चढायांवर गेलो आणि हरलो. तिथेही बघा, पाच-पाच चढायांत बोनस रेषेच्या अलीकडची ‘निदान रेषा’च बोनस रेषा धरतात, म्हणजे पाय जेमतेम आत टाकला की गुण. कॉर्नर तिथे काय कपाळ करणार?

पंच विकला गेला होता असं मी म्हणत नाही. त्याला बहुधा खरंच माहीत नव्हतं, किंवा माहीत असून झेपलं नाही. दोन्ही माझ्या लेखी सारखंच.

तो रेडर पुढे माझा मेहुणा झाला. हो, त्याच्याच बहिणीशी माझं लग्न झालं. साखरपुड्याच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत हा म्हणतो, ‘भावोजी, पकड चांगली होती. पण तुम्ही डिफेंडर लोक हरलात की पंचावर बिल फाडता. अहो, तो जमाना गेला, आता बचाव कोणाला येतो?’ सासरे समोर होते, म्हणून गप्प बसलो. तेव्हापासून गणपतीत, शिमग्याला, बारशाला, हा विषय निघतोच.

त्याचा एक मुद्दा खरा तगडा आहे, लपवत नाही. तो म्हणतो, ‘जुन्या नियमाने खेळलो असतो तर मी तुमच्या जवळ आलोच नसतो. दम घालत मध्यरेषेजवळ फिरलो असतो, परत गेलो असतो, सामना एका गुणाने आमचा. थर्ड रेडमुळे तुमच्या तावडीत आलो. मग नव्या नियमाचा फायदा तुम्हालाच झाला की!’

ह्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे आणि त्याला ते अजून पटत नाही. बाबा रे, पूर्ण जुना नियम लाव, मी हरलो, मान्य. पूर्ण नवा लाव, तू हरलास. पंचाने निम्मा जुना, निम्मा नवा लावला, आणि माझा घोट्याचा सूर त्या निम्म्यात वाया गेला. सुपर टॅकल नाही हे आधी माहीत असतं तर मी तुला हात लावलाच नसता. लांब उभा राहिलो असतो आणि तेवढाच गुण फुकट घेतला असता, खांदाही वाचला असता. बचाव येतो की नाही हा प्रश्नच नव्हता. कशासाठी बचाव करायचा हेच मला चुकीचं सांगितलं गेलं.

एनबीएत हे कुठे दिसतं ते सांगतो. २००१-०२ च्या हंगामाआधी तिथे ‘इल्लीगल डिफेन्स’ होता. आपला माणूस सोडून मध्ये घुटमळायचं नाही, झोन (माणसाऐवजी जागा राखायची पद्धत) लावायचा नाही. त्यामुळे एका बाजूला एकाला एक उभं करायचं, बाकीच्यांना लांब पाठवायचं, आणि चेंडू रेटत आत शिरायचं, हे आक्रमणवाल्यांचं ठरून गेलं होतं. तो नियम काढला, झोनला परवानगी दिली. आणि त्याच्याच जोडीला डिफेन्सिव्ह थ्री सेकंद आणला, म्हणजे अंगाला लागून कोणाला राखत नसाल तर रिंगखालच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त उभं राहायचं नाही. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने आवरलं. जोडी.

२००४-०५ ला हँड-चेकिंगवर कडक अंमल सुरू झाला. बाहेरच्या बाजूला चेंडू घेऊन येणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवून त्याला हवं तिकडे वळवायचं, ही जुन्या बचावपटूंची अर्धी विद्या होती. ती गेली. संघाची सरासरी ९३.४ वरून ९७.२ झाली. फिनिक्स सन्स आदल्या वर्षी २९ सामने जिंकले होते, त्या वर्षी ६२ जिंकले. (स्टीव्ह नॅश त्याच वर्षी फिनिक्सला आला, त्यामुळे सगळं श्रेय शिट्टीला देऊ नका. पण कमरेवर हात असता तर तो तसा पळाला असता का?) तेव्हाही जुनी मंडळी ओरडली की बचाव संपला. संपला का? हात गेले, म्हणून बचावपटू पायाने बचाव करायला शिकले. झोनची परवानगी होतीच, तिचा उपयोग करून सहप्रशिक्षक टॉम थिबोडोने बोस्टनमध्ये चेंडूच्या बाजूला जादा माणूस आणून ठेवायची पद्धत बसवली, आणि २००८ ला बोस्टन विजेतं झालं ते मुख्यतः बचावावर. चार वर्षांत उत्तर सापडलं, कारण प्रश्न उघडपणे विचारला गेला होता.

२०२१-२२ मध्ये शिट्टी उलट्या बाजूला फिरली. शॉट मारण्याच्या नावाखाली बचावपटूच्या अंगावर आडवी उडी मारायची, त्याच्या हातात हात अडकवून ओरडायचं आणि फ्री थ्रो कमवायचे, हे बंद केलं. ज्यांचं पोट यावर चालायचं त्यांचे पहिले काही आठवडे वाईट गेले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण हेही आधी सांगून, व्हिडिओ दाखवून केलं होतं.

आता २०२३-२४ बघा. जानेवारी २०२४ मध्ये एकाच आठवड्यात एम्बीडने ७०, डोन्सिचने ७३, टाउन्स आणि बुकर दोघांनी ६२-६२ काढले. लोक हसायला लागले की हा बचाव आहे की लग्नातला अक्षतांचा कार्यक्रम. आणि मग, नियमपुस्तकातली एक ओळही न बदलता, फेब्रुवारीतल्या ऑल-स्टार सामन्याच्या सुमारापासून फाऊल कमी वाजायला लागले आणि गुण उतरले. तेच बचावपटू, तेच पाय. जानेवारीत नालायक, मार्चमध्ये भिंत. ‘आजच्यांना बचाव येत नाही’ म्हणणाऱ्यांनी मला हे समजावून सांगावं. मला गुण उतरले याचं दुःख नाही, उलट बरंच वाटलं. पण खेळाडूंना न सांगता हंगामाच्या मध्यावर शिट्टी बदलणं आणि आमच्या फायनलला पंच बदलणं यात मला तरी फरक दिसत नाही.

मेहुण्याला वाटतं हे गावठाणातलं दुखणं आहे, मोठ्या खेळात असं होत नाही. त्याच्यासाठी ७ ऑक्टोबर २०२३ पुरे. हांगझोऊ आशियाई स्पर्धा, कबड्डीचा पुरुषांचा अंतिम सामना, भारत-इराण, २८-२८, जेमतेम मिनिटभर बाकी, भारताच्या पवन सेहरावतची थर्ड रेड. पवन कोणाला स्पर्श न करता लॉबीत (मैदानाच्या कडेच्या पट्टीत) गेला, आणि इराणचे चार बचावपटू त्याच्या मागोमाग लॉबीत. जुन्या नियमाने स्पर्शाशिवाय लॉबीत गेलेले सगळेच बाद, म्हणजे इराणला एक आणि भारताला चार. प्रो कबड्डीत वापरात असलेल्या नव्या नियमाने पवन लॉबीत गेला तिथेच रेड संपली, फक्त तो बाद. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, परत फिरवला. एकदा आपले खेळाडू मैदानात बसले, एकदा त्यांचे. सामना तासभर थांबला. शेवटी चार-एक दिले आणि भारत ३३-२९ ने जिंकला.

त्या दिवशी मेहुण्याचा फोन आलाच. ‘बघितलंत भावोजी? नियमाने चार दिले!’ म्हटलं, कुठल्या नियमाने? दोन होते. सुवर्णपदकाचा मलाही आनंद झाला, पेढे मीही वाटले. पण ते चार इराणी ज्या हिशेबाने लॉबीत घुसले तो हिशेब त्यांनी प्रो कबड्डीत खेळून शिकलेला असणार, कारण त्यांच्यातले बरेच जण आपल्याच लीगमध्ये खेळतात. आपणच शिकवलेल्या नियमाने ते खेळले आणि दुसऱ्या नियमाने बाद झाले. मेहुणा म्हणाला, तुम्ही देशद्रोही आहात. मग जरा वेळाने, ‘त्यांचं पण वाईट वाटलं हो.’ एवढंच मला हवं होतं, पण आपल्या फायनलबद्दल अजून तोंड उघडत नाही.

बचावाला लोक कमी लेखतात त्याचं आणखी एक कारण आमच्या मैदानावर माईकवर ऐकू येतं. रेडरने दोन माणसं मारली की लगेच, ‘या चढाईला अमुक शेठकडून एकशे एक रुपये!’ पकडीला? कधीमधी. आणि पकड ही एकाची नसते, घोटा एकाचा, कंबर दुसऱ्याची, दाबून धरणं तिसऱ्याचं. शंभराच्या नोटेचे तीन भाग कोण करणार? एनबीएत आकडे जास्त आहेत एवढाच फरक. ७३ गुण पोराच्या लक्षात राहतात, समोरच्याला त्याच्या डाव्या हाताकडे जायला लावलं हे कोणाच्या लक्षात राहतं?

तुम्हाला खरंच समजून घ्यायचं असेल तर सामन्याची पहिली पाच-सात मिनिटं चेंडू बघू नका. कुठल्या धक्क्याला शिट्टी वाजते आणि कुठल्याला नाही तेवढं बघा. चांगला बचावपटू तेच करत असतो, पहिला फाऊल तो मुद्दाम पंचाला विचारायला खर्च करतो. आणि अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतल्या निर्णयांचा अहवाल एनबीए २०१५ पासून जाहीर करते, चूक होती तर चूक म्हणते. तो वाचत जा. निकाल त्याने बदलत नाही, पंचही त्यावर नाराज असतात, पण चूक चूक म्हणून लिहिली जाते. आमच्या त्या फायनलचा असा दोन ओळींचा कागद कोणी दिला असता तर मी हे एवढं लांबलचक लिहिलं नसतं.

यंदा आमच्या मंडळाच्या पत्रकावर दोन्ही नियम शेजारी शेजारी छापून घेतलेत, पंचांची सही घेऊन. मेहुण्याने थर्ड रेड काढा म्हणून निरोप पाठवलाय. काढतो म्हटलं, सुपर टॅकलसकट.

एक राहिलं. वरचं सगळं एनबीएचं आहे. तुम्ही किंवा तुमची मुलं शाळा-कॉलेजात खेळत असाल तर तिथे फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे) नियम असतात, आणि फिबात डिफेन्सिव्ह थ्री सेकंद नाही. उंच पोरगा रिंगखाली पाय रोवून उभा राहिला तर राहू दे, ते त्याच्या हक्काचं आहे. टीव्हीवर बघून त्याला तिथून हाकलू नका.